सरचूहून परत

जिस्पाला दुपारी राजमा-चावल खाताना मी एक वाक्य गिळलं. वाक्य साधं होतं. "आजची रात्र इथंच राहू या."

सकाळी मनालीहून निघालो होतो. मनाली साधारण २,००० मीटरवर, जिस्पा ३,२०० च्या आसपास. मुक्काम मात्र सरचूला ठरलेला, ४,२०० च्याही वर. म्हणजे एका दिवसात दुप्पट उंची. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज फार तर पाचशे मीटरने वाढवावी, हे मी पुण्यातच वाचलं होतं. त्यालाही फॉरवर्ड केलं होतं. त्यावर त्याचा अंगठा आला होता.

"सरचूचा तंबू बुक आहे, पैसे परत मिळणार नाहीत," तो म्हणाला. लग्नानंतरची आमची पहिली मोठी ट्रिप. दुसऱ्याच दिवशी वाद कशाला, म्हणून मी गुपचूप गाडीत बसले.

जून महिना. बारालाचा खिंडीत रस्त्याच्या कडेला बर्फाच्या भिंती उभ्या होत्या. त्याने खाली उतरून फोटो काढले, मला बर्फाचा गोळा मारला, आणि धापा टाकत परत आला. आम्ही दोघंही हसलो.

रात्री अकराला त्याला पहिली उलटी झाली. मग दुसरी. डोकं फुटतंय म्हणाला. बाथरूमला जायला उठला तर पावलं वाकडी पडायला लागली. तेव्हा मी घाबरले. डोकेदुखी माझीही होती, पण चालताना तोल जाणं ही वेगळी गोष्ट. यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं.

आणि सरचूची गंमत तिथेच आहे. लेहकडे जावं तर गाटा लूप्सची २१ वळणं आणि त्यापुढे नकीला, लाचुंगला. मागे फिरावं तर परत बारालाचा, जवळजवळ ४,९०० मीटर. खाली जायचं तर आधी वर चढायचं.

तंबूवाल्या भैयांनी ऑक्सिजनचा छोटा डबा आणून दिला. "हे थोडाच वेळ पुरेल. रात्री खिंडीत पाणी गोठतं, रस्ता घसरडा होतो. उजाडायला लागलं की निघा. सकाळी नाल्याला पाणीही कमी असतं," ते हिंदीत म्हणाले. दिवसभर ऊन बर्फ वितळवतं, त्यामुळे नाले दुपारी फुगतात.

मला गाडी येते. पण घाटात कायम तोच चालवतो. एकदा ताम्हिणीत मी चालवली, तेव्हा शेजारी बसून त्याची कॉमेंट्री सुरू होती : क्लच सोड, हॉर्न दे, आरसा बघ. त्या पहाटे तो काहीच बोलला नाही. डोळे मिटून, खिडकीला डोकं टेकून बसला होता. ती कॉमेंट्री मला इतकी हवीशी कधीच वाटली नव्हती.

खिंड चढले. उतारावर दुसरा गिअर धरून ठेवला, ब्रेकवर पाय कमीत कमी. समोरून ट्रक आला की कडेला थांबायचे. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हे त्यानेच शिकवलेलं. झिंगझिंगबारच्या नाल्यात पहिल्या गिअरमध्ये गाडी घातली आणि पलीकडे निघेपर्यंत अॅक्सिलरेटर सोडला नाही. दारच्याला तो म्हणाला, "पाणी दे." त्याचा आवाज नेहमीसारखा होता. मी गाडी बाजूला घेतली आणि रडले.

केलाँगला डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. दोन दिवसांत तो चालता-फिरता झाला.

"तू तेव्हाच बोलायला हवं होतंस," तो म्हणाला. मला राग आला. फॉरवर्ड कुणी केलं होतं? पण रात्री पडल्या पडल्या वाटलं, बुकिंगचा हट्ट त्याचा होता, तसं ते वाक्य गिळणं माझं होतं. मी त्याला समजूतदारपणा म्हणत होते. खरं तर मला फक्त माझा मूड जपायचा होता.

लेह राहिलंच. परतीच्या वाटेवर तांडीच्या पंपावर पेट्रोल भरलं. खाली चंद्रा आणि भागा एकमेकींत मिसळत होत्या. त्याने हात पुढे केला. "आता मी घेऊ?"

"डोकं कसं आहे?"

"जरासं जड आहे."

"मग नाही."

तो दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिला. मग डावीकडून वळसा घालून शेजारच्या सीटवर बसला आणि पट्टा लावला.