स्वयंपाकघराचा ताळेबंद

घराच्या नूतनीकरणात दिवाणखान्यावरचा खर्च पाहुण्यांसाठी आणि स्वयंपाकघरावरचा खर्च घरच्यांसाठी, अशी समजूत पूर्वापार चालत आलेली आहे. गेल्या काही वर्षांत मात्र ही सीमारेषा पुसट झाली. मधली भिंत पाडली जाते, ओटा दिवाणखान्यातून दिसू लागतो आणि काळ्या काचेची, पोलादी कडांची यंत्रे दर्शनी भागात मांडली जातात. ज्या खोलीत परका माणूस पाऊलही टाकत नसे, ती खोली आता आल्यागेल्याला कौतुकाने दाखवली जाते. अशा वेळी यंत्राची निवड ते वापरणाऱ्या हातांसाठी करावी की पाहणाऱ्या डोळ्यांसाठी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही.

सांगलीतील एका कुटुंबापुढे हा प्रश्न नुकताच उभा राहिला. घरात निवृत्त गृहस्थ, त्यांच्या पत्नी आणि गृहस्थांच्या ऐंशी वर्षांच्या मातोश्री. मुलगा आणि सून पुण्यात नोकरीला, सणावाराला येणारे. पंचवीस वर्षांपूर्वीचा ओटा खचला होता, मोरीची फरशी निखळली होती आणि भिंतींवर फोडणीच्या धुराचा पिवळा थर बसला होता. काम काढणे भागच होते. मुलाने हौसेने पुण्यातील एका दालनातून यंत्रांचे अंदाजपत्रक पाठवले. पाच बर्नरचा हॉब ८५ हजार, चिमणी ९५ हजार, भिंतीत बसवण्याचा ओव्हन १ लाख ४० हजार, मायक्रोवेव्ह ६० हजार, भांडी धुण्याचे यंत्र १ लाख २० हजार आणि दोन दारांचा भला मोठा फ्रीज २ लाख ४० हजार. एकूण ७ लाख ४० हजार रुपये. ओटा, फडताळे आणि गवंडीकाम वेगळेच.

गृहस्थांनी त्या कागदाच्या पाठीमागे एक लहानसा हिशेब मांडला. एवढी रक्कम सात टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवली, तर वर्षाला ५१ हजार ८०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ४ हजार ३०० रुपये व्याज येते. यंत्रांची खरी किंमत पावतीवरच्या आकड्याएवढीच नसते. बुडणारे व्याज, पहिल्या वर्षानंतरचा देखभालीचा करार आणि वीजबिल यांचीही तीत भर पडते. तरीही त्यांनी मुलाला नकार कळवला नाही. कारण स्वस्त तेच शहाणपणाचे, असाही काही नियम नाही. त्यांनी एक शंभर पानी वही आणली, रेघा ओढून रकाने पाडले आणि पत्नीला म्हणाले, "महिनाभर या स्वयंपाकघरात काय काय होतं, ते लिहून ठेवू. मग ठरवू."

मोजून पाहून मग मांडणी करणे ही कल्पना तशी जुनीच आहे. १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात कामगार-कुटुंबांच्या नव्या वसाहती उभ्या राहत होत्या. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या स्त्री-वास्तुविशारदाने त्या घरांसाठी लहानसे, आटोपशीर स्वयंपाकघर रचले. गृहिणीच्या हालचाली आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळ यांचा विचार करून तिने चूल, पाणी आणि साठवण यांच्या जागा ठरवल्या. आजच्या मॉड्युलर किचनची ती पूर्वजच म्हटली पाहिजे. तिच्या रचनेत भपक्याला स्थान नव्हते, वाचलेल्या पावलांना होते. आज दालनांमध्ये त्या रचनेचे रूप उरले आहे. तिच्यामागची मोजणी मात्र ग्राहकाला स्वतःच करावी लागते.

सांगलीच्या त्या वहीने महिन्याभरात बरेच काही सांगितले. पहिली गोष्ट अशी, की या घरात दिवसातली सर्वांत गर्दीची वेळ सायंकाळी साडेचार ते सहा ही होती. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे, आणि हिवाळ्यात सांगलीला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे भाजी, आमटी आणि तवा एकाच वेळी चढतात. तीन बर्नर एकत्र पेटल्याची नोंद रोजची होती, चौथ्याची एकदाही नव्हती. दुसरी गोष्ट फ्रीजची. ज्या घरात शिळे खाल्ले जात नाही, तिथे फ्रीजमध्ये दूध, ताक, थोडी फळे आणि दोन दिवसांची भाजी यांपलीकडे फारसे काही नव्हतेच. सहाशे लिटरचा फ्रीज या घरात बहुतांशी हवाच थंड करीत बसला असता.

इथे ताऱ्यांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकन योजना २००६ पासून सुरू झाली आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीजना ती २०१० पासून बंधनकारक झाली. परंतु तारे दिले जातात ते यंत्राच्या आकारमानाच्या तुलनेत. म्हणून पाच तारे मिरवणारा मोठा फ्रीज तीन ताऱ्यांच्या लहान फ्रीजपेक्षा अधिक वीज खाऊ शकतो. तारे मोजण्याआधी त्याच पट्टीवर छापलेले वर्षाचे युनिट वाचावेत. एकाच आकाराच्या दोन फ्रीजमध्ये वर्षाला ८० युनिटांचा फरक असेल आणि युनिटचा दर १० रुपये धरला, तर बचत ८०० रुपयांची. किमतीत ६ हजारांचा फरक असेल तर तो साडेसात वर्षांत फिटतो. फ्रीज त्याहून अधिक काळ टिकतो, तेव्हा हा व्यवहार पटण्याजोगा. दोन लाख चाळीस हजारांच्या फ्रीजला मात्र असा कोणताच हिशेब लागू पडेना.

चिमणीच्या बाबतीतही तसेच. विक्रेता ताशी १,२०० किंवा १,४०० घनमीटर असा आकडा सांगतो. पण नळी लांब असेल आणि तिला दोन-तीन वळणे असतील, तर ती ओढ प्रत्यक्षात बरीच घटते. शिवाय बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी आत येणारी हवा हवीच. खिडकी घट्ट लावून चिमणी चालवणे म्हणजे तिला उपाशी ठेवणे होय. तेव्हा महागड्या मोटारीपेक्षा बाहेरच्या भिंतीलगत शेगडी आणून नळी आखूड आणि सरळ ठेवणे अधिक लाभाचे. हा निर्णय यंत्राच्या दालनात होत नाही. तो गवंड्याशी बोलून, ओटा बांधण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

पाण्याच्या यंत्राचा विषय निघाला तेव्हा नळाच्या पाण्याची तपासणी करून घेण्यात आली. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे इष्ट प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत आहे. या घरचे पाणी त्याहून बरेच खाली होते. अशा पाण्याला आरओ यंत्र लावणे म्हणजे एक लिटर शुद्ध पाण्यासाठी आणखी कितीतरी पाणी मोरीत सोडून देणे. ज्या घरात पाणी गाळून, उकळून आणि जपून वापरण्याची रीत आहे, तिथे ते यंत्र यादीतून आपोआपच गळाले.

वहीतली सर्वांत महत्त्वाची नोंद मात्र यंत्रांविषयी नव्हतीच. अकराव्या दिवशी गृहिणी वही लिहीत असताना मातोश्री शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आज माझ्याकडनं गॅस तसाच राहिला, तेही लिही."

गृहिणी गप्प राहिल्या. पाण्याचे पातेले आटून काळे पडले होते. त्यांनी ते घासून जागेवर ठेवले होते आणि यजमानांना काही सांगितले नव्हते. ही पहिली वेळ नव्हती, हेही त्यांना ठाऊक होते.

"राहू द्या हो आई," त्या म्हणाल्या.

"का राहू द्या? दुधाचं पातेलं लिहितेस, चहा लिहितेस. मग हे का नको? लिही. लपवून ठेवलंस तर उद्या घर पेटेल."

त्या रात्री गृहस्थांनी ती ओळ वाचली. मुलाने फोनवर ऐकताच उपाय सुचवला, की गॅस काढूनच टाकावा आणि सगळे इंडक्शनवर करावे. उपाय तर्काला धरून होता. इंडक्शनला ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद होण्याची सोय असते, ज्वाला नसते आणि भांडे उचलले की तापणे थांबते. पण मातोश्रींनी एकच प्रश्न विचारला, "भाकरी कशी करायची त्याच्यावर?" ज्वारीची भाकरी तव्यावर भाजली तरी अखेरीस ती जाळावर फुगवावी लागते. हात चालताहेत तोवर दिवसातून एक वेळची भाकरी आपण थापावी, एवढाच त्यांचा आग्रह होता. शेगडी गेली असती तर त्यांच्याकडे घरातले एकही काम उरले नसते. सुरक्षितता हवीच होती. पण तिची किंमत एका माणसाच्या उपयोगीपणातून वसूल करायची का, हा प्रश्न कोणत्याही अंदाजपत्रकात बसणारा नव्हता.

उत्तर पुन्हा वहीनेच दिले. नोंदी तपासल्या तेव्हा दिसले, की गॅस विसरण्याचे दोन्ही प्रसंग पिण्याचे पाणी उकळताना घडले होते. भाकरीच्या वेळी मातोश्री शेगडीपुढून हलतच नसत. पाणी ठेवून मात्र त्या जप करायला बसत आणि ते विसरून जात. म्हणजे धोका शेगडीत नव्हता, लक्ष न देता चालणाऱ्या कामात होता. ते काम इंडक्शनवर हलवले की पुरे. तांब्या-पितळेची किंवा साध्या ॲल्युमिनियमची भांडी इंडक्शनवर तापत नाहीत. तळाला लोहचुंबक चिकटला, तरच ते भांडे चालते. घरातल्या तीन स्टीलच्या पातेल्यांपैकी एकाच्या तळाला चुंबक चिकटला आणि तेच पाण्यासाठी नेमले गेले.

शेगडीसाठी मात्र जास्त पैसे मोजायचे ठरले. तीन बर्नरचा असा हॉब निवडला, ज्यात ज्वाला विझल्यास गॅस आपोआप बंद होतो. प्रत्येक बर्नरशेजारी एक बारीक कांडी असते. ज्वालेने ती तापलेली असेपर्यंत तिच्यातून अत्यल्प वीज निर्माण होते आणि त्या विजेच्या जोरावर गॅसची झडप उघडी राहते. दूध उतू जाऊन ज्वाला विझली, की कांडी थंड होते आणि थोड्याच वेळात झडप मिटते. चालू ज्वालेवर विसरलेले भांडे मात्र ही कांडी ओळखू शकत नाही, हे विक्रेते क्वचितच सांगतात. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास ती जमिनीलगत साचते. म्हणून गळती ओळखणारे उपकरण वर न लावता खाली, फरशीपासून वीतभर उंचीवर बसवण्यात आले.

भांडी धुण्याच्या यंत्रावर बराच विचार झाला. या घरी भांड्यांना येणाऱ्या बाई चौदा वर्षांपासूनच्या. गृहिणींनी त्यांनाच विचारले. त्या म्हणाल्या, "वहिनी, यंत्र आणा. माझे गुडघे आता मोरीत बसू देत नाहीत. फक्त मला काढू नका." तेव्हा यंत्र आणावे, पगार तोच ठेवावा आणि बाईंनी मातोश्रींच्या हाताखाली निवडणे-टिपणे करावे, असे ठरले. पितळी आणि ॲल्युमिनियमची भांडी या यंत्रातल्या क्षारयुक्त पावडरीने काळवंडतात, म्हणून तेवढी हाताने घासायची. भिंतीत बसवण्याऐवजी सुटे यंत्र घेतले. भिंतीत बसवलेले यंत्र बिघडले, तर त्याच मापाचे दुसरे शोधावे लागते. सुटे यंत्र ओट्याखालून सहज ओढून काढता येते.

ओव्हन आणि मायक्रोवेव्ह यांना वहीत महिन्याभरात एकही नोंद मिळाली नाही, म्हणून त्यांना यादीतही जागा मिळाली नाही. अखेर हॉब ४५ हजार, चिमणी ४० हजार, फ्रीज ४८ हजार, भांड्यांचे यंत्र ५२ हजार आणि इंडक्शन ५ हजार, असे १ लाख ९० हजार रुपयांत काम झाले. गळती ओळखणारे उपकरण त्याहून वेगळे. प्रत्येक वस्तूचा दुरुस्ती करणारा माणूस सांगलीतच आहे ना, याची खात्री पैसे देण्यापूर्वी करून घेतली. वाचलेल्या साडेपाच लाखांतून काही रक्कम न घसरणाऱ्या फरशीवर, ओट्यावरच्या भरपूर उजेडावर आणि इंडक्शन व भांड्यांच्या यंत्रासाठी ओढलेल्या स्वतंत्र जाड तारांवर खर्च झाली. या गोष्टी कोणी पाहुणा कधी विचारणार नाही.

ओट्याचा एक हातभर भाग उरलेल्या ओट्यापेक्षा तीन इंच ठेंगणा बांधला आहे. सुताराला तो विजोड वाटला. मातोश्रींची परात तिथे नेमकी कोपराच्या उंचीला येते. सिलिंडरचा मुख्य कॉकही त्याच बाजूला, वाकावे लागू नये अशा उंचीवर घेतला आहे. रात्री तो बंद करण्याचे काम त्यांनी स्वतःकडे मागून घेतले. वही आता संपली आहे. परंतु तिच्या शेवटच्या पानावर त्या रोज एक रेघ ओढतात, कॉक बंद केल्याची.