व्हँकुव्हरमधली सुझोऊची बाग

व्हँकुव्हरला गेलं की स्टॅन्ली पार्क आणि कपिलानोचा झुलता पूल सगळेच दाखवतात. आमच्या स्नेह्यांनी मात्र आम्हाला चायनाटाऊनमधल्या डॉ. सन यत्-सेन बागेत नेलं, आणि अर्ध्या तासासाठी गेलेली मंडळी दुपारभर तिथेच रमली. एक्स्पो भरलं त्या वर्षी, १९८६ साली, ही बाग खुली झाली. चीनमधल्या सुझोऊहून आलेल्या पन्नासएक कारागिरांनी ती बांधली. मध्ये तळं, पांढऱ्या भिंती, जाळीच्या खिडक्या, ताय सरोवराचे भोकाभोकांचे दगड. बाग कसली, आपला चौसोपी वाडाच म्हणा ना!

मला आठवली त्साव श्युएछिनची अठराव्या शतकातली कादंबरी, 'लाल महालाचे स्वप्न'. तिचा जीव अशाच एका बागेत आहे. दायू मूळची सुझोऊची. आई गेल्यावर पोर आजोळी येते, आणि मामेभाऊ बाओयूवर तिचा जीव जडतो. (आपल्याकडे मामाची मुलगी चालते, तिथे आत्याची, मावशीची, दोन्ही चालत.)

कन्फ्यूशिअस म्हणजे वडिलधाऱ्यांची आज्ञा, एवढंच आपल्याला ठाऊक. या कादंबरीत मात्र तीच शिकवण दोन्हीकडून कापते. बाओयूचा अभ्यासात जीव नाही, नाटकवाल्यांशी मैत्री, त्यात एका दासीच्या मृत्यूचा आळ. वडील त्याला मरेस्तोवर झोडपतात, आणि झोडपताना स्वतःच रडतात. तेवढ्यात आजी येते. आता मुलगा कोण? तर वडील! तो करडा सरकारी अधिकारी आईपुढे गुडघे टेकतो. नातू वाचतो तो आज्ञाधारकपणाच्या नियमामुळेच.

पुढे हीच आजी अशक्त, हळव्या दायूऐवजी शहाण्यासुरत्या बाओचायला पसंत करते. बाओयूला सांगतात, लग्न दायूशीच आहे. इकडे लग्न लागतं, तिकडे दायू आपल्या कविता जाळून प्राण सोडते. आजीचं नातीवर प्रेम नव्हतं का? होतं हो. तिला खलनायिका ठरवायला माझं मन होत नाही. आमच्या आजीनेही असंच केलं असतं.

आपल्या शंकराचार्यांनी संन्यासासाठी आईची परवानगी मगरीच्या तोंडून का होईना, मिळवली. बाओयू आधी वडिलांच्या इच्छेप्रमाणे परीक्षा पास होतो, मग नाहीसा होतो. बर्फ पडत असताना नावेत बसलेल्या वडिलांना नावेच्या पुढच्या टोकावर एक मुंडण केलेला, अनवाणी तरुण दिसतो. तो चार वेळा वाकून नमस्कार करतो. वडील ओळखतात, हाक मारतात, मागे धावतात. पुढे नुसतं पांढरं रान.