चार सॅक्सोफोन आणि एक स्कॉटिश मार्च

लग्नसराई संपली की आम्हा बँडवाल्यांचे हात रिकामे. अशाच पावसाळ्यात आम्ही चौघा सॅक्सोफोनवाल्यांनी ‘स्कॉटलंड द ब्रेव्ह’ हा प्रसिद्ध मार्च बसवायला घेतला. लोक म्हणाले, "तुम्ही कानाने वाजवणारी माणसं, कागदावरचं काय वाजवणार?" तेच आम्हाला करून पाहायचे होते.

ही चाल बॅगपाइपवर गाजलेली. इंग्रज अमदानीत स्कॉटिश पलटणींबरोबर हे वाद्य आपल्याकडे आले. भारतीय सैन्यात आजही पाइप बँड आहेत. बॅगपाइपवर चालीसाठी सूर अवघे नऊ. निषाद कोमल, म्हणजे आपल्या खमाज थाटासारखी पट्टी. पिशवीत हवा असल्याने सूर तुटत नाही. एकच स्वर दोनदा हवा तर मध्ये दुसरा स्वर निमिषभर लावावा लागतो. शिवाय तीन नळ्या तंबोऱ्यासारख्या अखंड षड्ज धरून असतात.

सॅक्सोफोनला फुंकर माणसाची, दम संपतो. म्हणून सोप्रानो आणि आल्टोकडे चाल दिली, टेनर आणि बॅरिटोनकडे षड्ज. एक श्वास घेतो तेव्हा दुसऱ्याने सूर सोडायचा नाही. आमच्या वाद्याला जिभेने सूर तोडता येतो, म्हणून मधले बारीक स्वर सगळे घेतले नाहीत. ज्यांनी चाल उठते तेवढेच ठेवले.

खरा गुंता लिहिण्याचा. अडोल्फ सॅक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्यांचे पेटंट घेतले. बोटे सगळ्यांवर सारखीच, पट्ट्या मात्र वेगळ्या. पाइपचा षड्ज साधारण बी फ्लॅटला ऐकू येतो. तो काढायला सोप्रानो व टेनरवाल्याने ‘सी’ वाचायचा, आल्टो व बॅरिटोनवाल्याने ‘जी’. म्हणजे प्रत्येकाचा कागद निराळा.

हे कागद आमच्या बॅरिटोनवाल्याच्या मुलीने सुवाच्य उतरवले. तिच्या आजोबांनी जन्मभर क्लॅरिनेट वाजवली, पण त्यांची एकही चाल आज कोणाला पुरी येत नाही. त्यांच्याबरोबर सगळे गेले. स्कॉटलंडच्या पाइपवाल्यांच्या चाली लिहिल्या गेल्या, छापल्या गेल्या, म्हणून हजारो मैलांवर आमच्या हाती लागल्या.

मार्च बसला. आता त्याच वहीत आम्ही वरातीच्या जुन्या चाली उतरवतो आहोत. ज्यांच्या घरी म्हातारा वादक आहे, त्यांनी पोरांना वही देऊन त्याच्याजवळ बसवावे. उद्यावर टाकू नये.