गुणगुण कोठून येते?

यंत्राच्या आवाजाने माणसाचा आवाज कसा झाकोळतो, हे आम्हांस जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवताना जाणवले. त्या कॅसेटींत वसईतील वृद्ध मातांनी गायिलेली लग्नगीते आहेत. गाणाऱ्यांपैकी आज कोणीही हयात नाही आणि फितीवरील चुंबकीय लेप सुटत चालला आहे. पुन्हा पुन्हा वाजवून पाहण्याची मुभा नव्हती. नेमकी प्रत्येक गीताखाली एक संथ ‘घूंऽऽ’ ऐकू येत होती.

वाचकहो, अशा वेळी यंत्र उघडण्याआधी कान उघडावेत. प्रथम आम्ही स्पीकर बंद केला. संगणकाच्या पेटीतील पंख्याची सूं सूं तेवढी उरली. धूळ साचली की पंखा जोराने फिरतो, बेअरिंग झिजले की घरघरतो. हार्ड डिस्क टकटक करू लागली, तर मात्र तिच्यातील सारे आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे. येथे तसे काही नव्हते. ‘घूं’ तारांतून येत होती. एकेक तार काढून पाहिली. मिक्सरची तार काढताच ती थांबली.

संगणक एका भिंतीवरील प्लगला जोडलेला, मिक्सर समोरच्या भिंतीवरील. दोघांनाही अर्थिंग होते. परंतु दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये किंचित विद्युत्दाबाचा फरक असला, की ध्वनीच्या तारेच्या आवरणातून सूक्ष्म प्रवाह वाहू लागतो. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. तोच हेलकावा गुणगुण होऊन ऐकू येतो.

“फादर, मिक्सरची अर्थिंगची पिनच काढून टाकू या,” एक तरुण म्हणाला. गुणगुण गेलीही असती. पण पुढे कधी बिघाडाने वीज पत्र्यावर उतरली, तर ती हात लावणाऱ्याच्या देहातून जमिनीकडे जाते. दुसऱ्याने सॉफ्टवेअरने गुणगुण गाळण्याचे सुचविले. परंतु तिच्यात ५० च्या पटीतील १५०, २०० हे स्वरही मिसळलेले असतात आणि मानवी कंठाचा वावरही तेथेच असतो. गुणगुणीबरोबर त्या मातांचा आवाजही थोडा गळाला असता.

आम्ही दोन्ही यंत्रे एकाच एक्सटेन्शन बोर्डावर लावली. तेवढ्याने भागले, न भागते, तर ध्वनीच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसविता आला असता. मग कॅसेट लावली. दोन कडव्यांमधील श्वास ऐकू आला. एके ठिकाणी गाणारी अडखळते आणि मागून कोणीतरी हळूच पुढची ओळ सुचविते. त्या गुणगुणीखाली ती कुजबुज आजवर कोणालाच ऐकू आली नव्हती.