मृगाआधीचा गारवा

मिलिंद इंगळे आणि कवी सौमित्र यांचा ‘गारवा’ हा पावसाचा अल्बम, असं मुंबई-पुण्याकडे कोणीही सांगेल. वर्धा जिल्ह्यातल्या सेलूत एक गृहस्थ आहेत, त्यांना हे बिलकूल मान्य नाही. त्यांच्या मते ‘गारवा’ हा उन्हाचा अल्बम आहे. पाऊस त्यात येतो, भरपूर येतो. पण तो ऐकायचा मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना. जुलैत तो लावणं म्हणजे जेवून उठल्यावर भुकेचं औषध घेणं.

गृहस्थांचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं, शिवाय गल्ल्याशेजारी एक स्पीकर. गाव त्यांना काकाजी म्हणतं, तेव्हा इथेही काकाजीच.

सेलू म्हटलं की उरलेल्या महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे परभणी जिल्ह्यातलं सेलू येतं, म्हणून आधी पत्ता नीट सांगायला हवा. हे सेलू नागपूर-वर्धा रस्त्यावरचं, बोर नदीच्या काठचं, तालुक्याचं गाव. रेल्वेच्या पाटीवर ‘सेलू रोड’. याच तालुक्यात बोर धरण आहे, बोरचं जंगल आहे, ज्याला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. केळझरचा गणपती आहे, घोराडला केजाजी महाराजांचं देवस्थान आहे. गाणं इथे उपरं नाही. टाळ-मृदंग आहेच, आणि तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने या सगळ्या मुलखाला भजनाचा जो ठेका लावून दिला, तो अजून सुटलेला नाही. आणि ऊन आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला तरी इथे बातमी होत नाही. घराघरांत कुलर मार्चमध्येच खिडकीला लागतो आणि मृग निघेपर्यंत घरातलं सगळं बोलणं त्याच्या घरघरीवरून, थोडं ओरडूनच चालतं.

अशा घरघरीत ‘गारवा’ आला. नव्वदचं दशक सरत होतं. हिंदीत खाजगी अल्बमांची चलती होती. सिनेमा नाही, नायक-नायिका नाहीत, एक गायक, एक चेहरा आणि टीव्हीवर दिवसभर फिरणारं एखादं गाणं. मिलिंद इंगळे हे नाव देशभर पोचलं तेही त्याच लाटेवर, ‘छुई मुई सी तुम’ या गाण्याने. अब्बास, प्रीती झंगियानी आणि ते कापडी कोआला अस्वल, एवढं सांगितलं की त्या वयाच्या माणसाला पुढचं आपोआप आठवतं. मराठीत मात्र कॅसेटच्या दुकानातले कप्पे ठरलेले होते: भावगीत, भक्तिगीत, नाट्यगीत, लोकगीत, चित्रपटगीत. ‘गारवा’ कोणत्या कप्प्यात ठेवायचा याचा दुकानदाराला पेच पडावा अशीच ती चीज होती. चाल पॉपची, शब्द कवितेचे, आणि प्रत्येक गाण्याच्या आधी कवी स्वतः येऊन बोलणार.

काकाजींचं सगळं म्हणणं या बोलण्याभोवती फिरतं.

मराठीला कवीचा आवाज नवा नव्हता. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगाव फिरून कविता ऐकवल्या, ते मराठी माणूस विसरलेला नाही. सुरेश भट अमरावतीचे, म्हणजे विदर्भाच्या घरातलेच. त्यांची गझल त्यांच्याच तोंडून ऐकलेली माणसं अजून भेटतात. पण तिथे कविता वाचली की कविता संपे. गाणं वेगळ्या दिवशी, वेगळ्या गळ्यात. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल आणि अरुण दाते-सुधा मल्होत्रांचे आवाज एकत्र येऊन ‘शुक्रतारा’ झालं, तिथेही कवी वेष्टनावरच राहिला. ‘गारवा’त कवी वेष्टनावरून उठून माइकपाशी आला. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ते बोलणं जिथे अडतं तिथून गायला लागायचं. शीर्षकगीताआधीचं निवेदन घ्या. ते पावसाबद्दल सुरूच होत नाही. उन्हाच्या नेहमीच्या तक्रारीपासून सुरू होतं, सावकाश आभाळ भरत नेतं, आणि वारा सुटतो तेव्हा गाणं येतं. काकाजी म्हणतात, निवेदन ही प्रस्तावना नाही, ते अर्धं गाणंच आहे. उन्हाचा तो तुकडा कापला की मागे उरतो तो नुसता पाऊस, आणि नुसत्या पावसाची गाणी मराठीत पोत्याने आहेत.

आणि तो तुकडा सर्रास कापला जातो. कार्यक्रमांत वेळ नसतो, मोबाइलवर लोकांना धीर नसतो. काकाजींचा पारा चढतो तो इथे.

त्यांनी ही कॅसेट पहिल्यांदा नीट ऐकली ती भारनियमनाच्या दिवसांत. एरवी कुलरच्या आवाजात निवेदन बुडून जायचं, फक्त गाणी वर यायची. वीज गेली की कुलर बंद, पंखा बंद, घर एकदम गप्प. टेपरेकॉर्डर मात्र सेलवर चालू. सेल उतरत आले की फीत हळू फिरे आणि सौमित्रचा आवाज अधिकच खोल, अधिकच रेंगाळता होत जाई. एक वाक्य संपून दुसरं सुरू होईपर्यंत कपाळावरचा घाम पुसून व्हायचा. पुढे सीडी आली, तेव्हा खऱ्या वेगातलं निवेदन त्यांना घाईचं वाटलं. अजूनही वाटतं. त्यांचं प्रामाणिक मत असं की उतरलेल्या सेलवरचा ‘गारवा’ हीच त्याची उत्तम प्रत होय. यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

चाहता असला म्हणून ते आंधळे नाहीत. त्यांची तक्रार आहे आणि ती बिनतोड आहे: या पावसात चिखल नाही. यातला पाऊस खिडकीतून दिसतो. पाऊस न आवडणारा तो आणि आवडणारी ती, दोघांमध्ये बहुधा एक छत्री, एक गॅलरी, एक जुनी आठवण. शेत कुठेच नाही. कवी मुंबईचा, त्यामुळे पाऊस मुंबईचा, हे काकाजींना समजतं. पण दुकानात समोर उभा असलेला माणूस वेगळ्या पावसाची वाट पाहत असतो. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. पहिल्या सरीला मातीचा वास सुटतो, शहरातला कवी त्या वासावर कविता लिहितो. इकडे त्याच वासाला भुलून एखादा घाईने पेरणी करून बसतो, मग पंधरा दिवस आभाळ कोरडं, आणि पऱ्हाटीचं बियाणं दुसऱ्यांदा विकत घ्यायला तोच माणूस पुन्हा याच गल्ल्यापाशी येतो. दुबार पेरणीचं बियाणं विकताना हाताला पैसे लागतात, पण नजर वर करवत नाही, असं काकाजी म्हणतात. त्या पावसावर या अल्बममध्ये एक अक्षर नाही.

तरीही जूनच्या पहिल्या आठवड्यात दुकानात ‘गारवा’च लागतो. एकदा एका शेतकऱ्याने सोयाबीनच्या बॅगेवर बसल्या बसल्या विचारलंच, “काकाजी, हे गाणं लावून काई पाऊस येते काय?”

“येत नाई ना भाऊ. पण तुम्ही तेवढा वेळ बसून राह्यता. घाईनं बियाणं नेत नाई.”

धंद्याच्या दृष्टीने हे उत्तर कसं आहे, ते ज्याचं त्याने ठरवावं.

सौमित्र म्हणजे अभिनेते किशोर कदम, हे त्यांना बऱ्याच उशिरा कळलं. कळलं तेही ‘फँड्री’ पाहून. नागराज मंजुळ्यांच्या त्या चित्रपटात कदमांनी जब्याचा बाप कचरू केलाय. पाठ वाकलेली, आवाज दबलेला, गावापुढे सतत मान खाली. डुकरं धरावी लागणारा, पोराला त्यात ओढणारा बाप. काकाजी नागपुरात सिनेमा पाहून परत येत होते आणि बुटीबोरी ओलांडेपर्यंत त्यांना एकच गोष्ट सुटत नव्हती: प्रेयसीला पावसात आपली आठवण येते का, असं इतक्या मऊपणे विचारणारा माणूस तो हाच? त्या रात्री त्यांनी अल्बम पुन्हा लावला. निवेदनातला मऊपणा त्यांना आता निराळा ऐकू यायला लागला. सत्यदेव दुब्यांच्या तालमीत तयार झालेला नट बोलतोय, शब्दाच्या आधी श्वास किती घ्यायचा हे त्याला ठाऊक आहे, हे ध्यानात आलं. चिखलाची तक्रार त्यांनी मागे घेतली नाही. ती फक्त जरा खालच्या आवाजात करू लागले.

त्यांचा भाचा नागपुरात शिकतो. त्याचा पक्ष संदीप खरे आणि डॉ. सलील कुलकर्णी यांचा. ‘आयुष्यावर बोलू काही’ २००३ साली सुरू झालं, आणि कवी-संगीतकारांची जोडी म्हणजे काय हे खऱ्या अर्थाने त्यांनीच दाखवलं, असं तो मामांना ठणकावून सांगतो. दोघं मंचावर समोरासमोर, एकमेकांची फिरकी घेत. हसू आहे, बापाचं रडू आहे, पोरांसाठी ‘अग्गोबाई ढग्गोबाई’ आहे. तुमच्या ‘गारवा’त एकच ऋतू, एकच मुलगी. मामांना हे नाकारता येत नाही. ते एवढंच म्हणतात की त्या जोडीचं जमतं कसं ते दिसतं, आणि या जोडीचं जमलं कसं ते कळत नाही. दुसरी गोष्ट त्यांना जास्त आवडते.

भाच्याने मग सातासमुद्रापारचं उदाहरण काढलं. त्याच २००३ साली अमेरिकेत ‘गिव्ह अप’ नावाचा अल्बम आला. बेन गिबर्ड गाणारा आणि लिहिणारा, जिमी टँबोरेलो लॉस एंजेलिसमध्ये यंत्रांवर संगीत रचणारा. दोघं वेगवेगळ्या शहरांत. एकाने अर्धवट संगीत टपालाने पाठवायचं, दुसऱ्याने त्यावर शब्द आणि सूर चढवून परत धाडायचं. म्हणून जोडीचं नावही ‘द पोस्टल सर्व्हिस’. तिथल्या टपाल खात्याने त्या नावाला हरकत घेतली, पुढे तडजोड होऊन वापरायची परवानगीही दिली. काकाजींनी तो अल्बम पूर्ण ऐकला. शब्द फारसे कळले नाहीत. पण दोन माणसांच्या मधली मोकळी जागा त्यांना त्यात ऐकू आली, असं ते म्हणाले, आणि भाच्याला हे मामांकडून अपेक्षित नव्हतं.

पुढे ‘सांज गारवा’ही निघाला. काकाजींना तो ठीक वाटतो, म्हणजे आवडत नाही. एकदा जमलेली भट्टी दुसऱ्यांदा लावताना माप माहीत असतं, आणि माप माहीत असणं तिथे ऐकू येतं, हा त्यांचा निकाल. तो थोडा कडक आहे. पहिल्या अल्बमचं भाग्य, तो कोणत्या उन्हात कानावर पडला यावरही ठरतं, आणि दुसऱ्याला ते ऊन मिळालंच नाही, एवढी सूट द्यायला हरकत नसावी.

सध्या त्यांचा झगडा पेनड्राइव्हशी चालू आहे. भाच्याने गाणी भरून दिली, पण ती अक्षरांच्या क्रमाने लागतात; त्यामुळे एका गाण्याचं निवेदन भलत्याच गाण्याच्या पुढ्यात येतं, मधूनच तुकडोजी महाराजांचं भजन घुसतं, आणि उन्हाची तक्रार करता करता कवी गप्प झाला की खंजिरी सुरू होते. बियाणं घ्यायला आलेल्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. एकाने तर हेच गाणं पुन्हा लावा म्हणून सांगितलं. काकाजींनी भाच्याला फोन करून फायलींच्या नावांपुढे आकडे टाकून द्यायला सांगितलंय, पेरणीच्या आत.