दोन चौकटींमधलं उरण

उरण हे थांबायला शिकवणारं गाव आहे. मोऱ्याला ओहोटी लागली की लाँच धक्क्याशी येत नाही. मग भाऊच्या धक्क्याला निघालेली माणसं पिशव्या मांडीवर घेऊन पाण्याकडे बघत बसतात. करळ फाट्याकडून येताना कंटेनर लादलेले ट्रेलर एकामागे एक उभे राहिले की एसटीतले लोक खिडकीला डोकं टेकून डुलकी काढतात. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची वाट बघण्यात तर काही घरांच्या दोन पिढ्या गेल्या. १२ जानेवारी २०२४ला उरणच्या लोकलचं आणि अटल सेतूचं एकाच दिवशी उद्घाटन झालं, मुंबई जवळ आली, पण गावाच्या अंगात मुरलेलं थांबणं गेलं नाही.

इथलं वाचनालयही चालतं ते या थांबलेल्या माणसांवरच. दुपारी तिरक्या मांडणीवरच्या वर्तमानपत्रांपुढे निवृत्त झालेले उभे असतात. कोपऱ्यातल्या टेबलावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं. संध्याकाळ झाली की भाजीच्या पिशवीतच पुस्तक घालून ते बदलायला आलेल्या बायका. बाहेर हॉर्न, आत पंख्याची घरघर. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यापासून अशा वाचनालयांना अनुदान आणि वर्ग मिळू लागले, पण कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात जायचं हे शेवटी ग्रंथपालाच्या हाताने ठरतं. कादंबरी, कथा, चरित्र, बालवाङ्मय, स्पर्धा परीक्षा. ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली मोठ्यांची गोष्ट, असं कपाट नसतं. तो प्रकार माझ्यापर्यंत आला तो म्हणूनच आडवाटेने, बाबासाहेबांचं बोट धरून. आंबेडकरी साहित्याच्या कपाटात, जाडजूड खंडांच्या रांगेत, ‘भीमायन’ची हिंदी प्रत उंचीने जास्त म्हणून आडवी घातलेली होती. नावामुळे तिला तिथे जागा मिळाली होती, आणि ती योग्यच होती.

चित्रांच्या गोष्टींची आपली सवय जुनी आहे. चांदोबा, इंद्रजालमधला वेताळ, अमर चित्रकथा. ती पुस्तकं भराभर उलटायची असत, पुढच्या पानावर काय होणार याची घाई असे. ‘भीमायन’ भराभर उलटता येत नाही. २०११मध्ये आलेल्या या पुस्तकाची चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार दांपत्याची, संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची. व्यामांनी माणसांना चौकोनी डब्यांत कोंबायला नकार दिला. गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढतात ती डिगनाची नक्षीच पानावरून वळत जाते आणि प्रसंग वेगळे करते. आगगाडी सापासारखी सरपटते, किल्ला हिंस्र श्वापद होऊन बसतो. बोलण्याचे फुगेही सारखे नाहीत. सोसणाऱ्याचे आणि मायेचे शब्द पाखराच्या आकारात, विखारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी. कोण काय बोलतोय हे वाचायच्या आधीच ते अंगाला लागतं.

पाणी, निवारा, प्रवास असे पुस्तकाचे भाग आहेत. पाण्याच्या भागात १९०१ सालचा लहान भीम आहे, वडिलांना भेटायला निघालेला आणि मसूर स्टेशनवर ताटकळलेला. पुढे महाड येतं. महाड आमच्याच रायगड जिल्ह्यातलं, तेव्हाच्या कुलाब्यातलं. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची २० मार्च १९२७ ही तारीख शाळेपासून पाठ आहे. पण या पानावर सभेच्या कर्ण्यांतून शब्दांऐवजी पाण्याचे थेंब जमलेल्या लोकांवर पडताना दिसतात, आणि पाठ असलेली तारीख पहिल्यांदा ओली होते. शेजारी पेपर वाचणाऱ्या काकांनी मान वळवून विचारलं, “या वयात चित्रांचं पुस्तक?” मी ते पान त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पुस्तक डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ परत दिलं नाही.

स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकाराने १९९३मध्ये कॉमिक्सच्या कलेवर कॉमिक्सच्याच रूपात एक पुस्तक लिहिलं. त्यातली कळीची गोष्ट अशी, की या कलेचं खरं काम दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत होतं. पहिल्या चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, दुसरीत नुसती किंकाळी. घाव कुणी घातला? वाचणाऱ्याने. चित्रकार ती जागा मोकळी सोडतो आणि वाचणारा ती भरून काढतो.

मोऱ्याच्या धक्क्यावरून समोर दिसणारी घारापुरी उरण तालुक्यातच येते. तिथल्या सहाव्या शतकातल्या लेण्यात शिवपार्वतीचं लग्न एका भिंतीवर आहे, सोंगट्यांचा डाव दुसरीवर, कैलास हलवणारा रावण आणखी एकीवर. मधलं अंतर बघणाऱ्याने पायांनी कापायचं, आणि कापता कापता लग्नापासून रुसव्यापर्यंतचा संसार मनाशी जुळवायचा. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे धरतात तेव्हा मधली जागा त्यांच्या गाण्याने भरते. ग्राफिक नॉव्हेलमध्ये पाय नाहीत, गळा नाही. तिथे वाचणाऱ्याला स्वतःच थांबावं लागतं.

आणि थांबण्यात तर उरणचा हात कोण धरणार? या गावाचीही आज दोनच चित्रं दाखवली जातात. पहिलं मिठागरांचं: पांढरे ढीग, खाडीचे बांध, भाताची खाचरं. दुसरं बंदराचं: एकावर एक रचलेले रंगीत कंटेनर आणि त्यांच्यावर वाकलेल्या क्रेन. दोन्ही चित्रं देखणी आहेत, कॅलेंडरवर शोभतील अशी. मधली पट्टी मात्र कोरी सोडलेली. तिथे १९७०मध्ये आलेली सिडको आहे, जमीन मोजायला आलेल्या साखळ्या आहेत. १६ आणि १७ जानेवारी १९८४ आहे, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले शेतकरी आहेत, गोळीबार आहे आणि पाच हुतात्मे आहेत. बंदरासाठी उठवलेलं शेवा गाव आहे, आणि त्या विस्थापितांच्या हनुमान कोळीवाड्यातली वाळवीने पोखरलेली घरं. मग १९८९मध्ये बंदर सुरू होतं आणि दुसरी चौकट लागते. पेपर वाचणाऱ्या काकांच्या पिढीला मधलं सगळं तोंडपाठ आहे. पोलीस भरतीच्या मुलांना बहुतेक दुसरी चौकटच ठाऊक आहे. दोघं एकाच पंख्याखाली बसतात.

अशी मधली पट्टी आपल्याकडे काढून झालेली आहे, फक्त दुसऱ्या पाण्याची. ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४मध्ये आलं. भारतातलं पहिलं ग्राफिक नॉव्हेल म्हणून बरेच जण त्याचं नाव घेतात. नर्मदेवरची धरणं आणि त्यापायी उठवले जाणारे आदिवासी हा त्याचा विषय. एकीकडे सृष्टीच्या उत्पत्तीची गाणी गाणारा मालगू गायन, दुसरीकडे बातमी शोधत आलेला शहरी पत्रकार विष्णू, आणि दोघांच्या मधून वाहणारी नदी. अनेक वर्षं दुर्मिळ असलेलं हे पुस्तक २०२२मध्ये पुन्हा छापलं गेलं. उरणच्या माणसाला ते समजावून सांगावं लागणार नाही. नोटिसांच्या फुग्याला नांगी कशी लावायची हे इथल्या घराघरांत माहीत आहे.

वाचनालयात वाचकांच्या मागणीची वही असते. तिच्यात मी या पुस्तकाचं नाव लिहिलं. ग्रंथपाल बाईंनी ते वाचून विचारलं, “चित्रांचं आहे ना? मग बालविभागासाठी मागवू?”

“नको, मॅडम,” मी म्हटलं, “प्रकल्पग्रस्तांसाठी मागवा.”

त्या हसल्या नाहीत. त्यांनी पेन घेतलं, माझ्या ओळीपुढे ‘दोन प्रती’ असं लिहिलं आणि म्हणाल्या, “एक घरी न्यायला, एक इथेच बसून वाचायला. आमचं घर शेव्याचंच.”