मे महिन्यातली विहीर

कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. सुट्टीत रत्नागिरीकडच्या आमच्या घरी आलो की आंब्याआधी पाण्याची चौकशी होते. वाटप अम्मी ठरवतात: आधी शेळ्या-कोंबड्या, मग आपण, उरलं तर झाडं. मुक्या जनावराला मागता येत नाही, म्हणतात.

पण गेल्या पावसाळ्यात लावलेली हापूसची पाच कलमं पहिला उन्हाळा काढणार कशी? म्हणून आम्ही पाचही जण वजूला मोरीत न जाता आपापल्या कलमाच्या आळ्याजवळ बसू लागलो. साबण नाही, पाणी स्वच्छ. रसूलुल्लाह (स.) एक मुद, म्हणजे लिटरभराच्या आतल्या पाण्यात वजू करत, आम्हाला तांब्याभर लागतं. नळ सोडून ठेवायची शहरातली सवय इथे चार दिवसांत सुटते.

धाकटी फजरला उठेना. तिच्या कलमाने आधी मान टाकली. अम्मींनी त्याला स्वतः पाणी घातलं नाही, आम्हालाही घालू दिलं नाही. चौथ्या पहाटे अंधारात तांब्याचा आवाज आला.

काल त्याला तांबूस पालवी दिसली. शेळीनेही ती पाहिलीय; आज कुंपणाला करवंदीच्या काट्या लावायच्या आहेत.